घरातल्या म्हाताऱ्यांची अंघोळ, कपडे, चालणं : मदत किती करायची अन् कुठं थांबायचं

वर्धा : सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी एकाच वेळी आली की घरातली सगळी माणसं वावरात. मागे उरतात सत्तरी ओलांडलेले आजोबा नाहीतर आजी. सकाळी निघायची घाई असते, म्हणून कोणीतरी त्यांना पटकन अंघोळ घालून देतं, सदऱ्याची बटणं लावून देतं, ताट बाजेवर आणून ठेवतं. "राहू द्या आबाजी, मीच करून देतो." यात माया असते, पण घाईही असते. असं सहा महिने चाललं की जे आबाजी स्वतः गडूनं अंगावर पाणी घेत होते, त्यांना आता ते खरंच जमत नाही.

कारण साधं आहे. वापर थांबला की स्नायू झपाट्यानं उतरतात, आणि म्हातारपणी उतरलेली ताकद परत यायला तरुणापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. आजारपणात आठ-दहा दिवस बाजेवर पडलेल्या माणसाला नंतर उठताना पाय थरथरतात, हे प्रत्येक घरानं पाहिलेलं आहे.

सहा कामं, एक क्रम

अमेरिकेतले डॉक्टर सिडनी कॅट्झ यांनी 1963 साली म्हाताऱ्या माणसाचं स्वावलंबन मोजायची एक सोपी पद्धत मांडली. ती आजही जगभर वापरतात. त्यात सहा गोष्टी पाहतात : अंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, बाजेवरून किंवा खुर्चीवरून उठणं-बसणं, लघवी-संडासवर ताबा आणि हातानं जेवणं. कॅट्झ यांना दिसलं ते असं की या गोष्टी बहुतेक वेळा एका क्रमानं सुटतात. आधी अंघोळ, सगळ्यात शेवटी जेवण. म्हणून आजी अंघोळ टाळायला लागली, "आज नको, अंगात कणकण आहे" असं रोजच म्हणायला लागली, तर तो आळस समजू नये. बहुतेक वेळा तिला न्हाणीत पडायची भीती वाटत असते आणि ती सांगत नाही.

देशभरात 2017-18 मध्ये झालेल्या 'लासी' सर्वेक्षणात साठीपुढच्या साधारण चार जणांपैकी एकाला रोजच्या अशा एखाद्या कामात अडचण असल्याचं आढळलं. म्हणजे हा एका-दोघा घरांचा प्रश्न नाही.

न्हाणी आणि संडास : आधी इथं लक्ष द्या

न्हाणीतली शहाबादी फरशी साबणानं आणि शेवाळानं गुळगुळीत होते. आठवड्यातून एकदा ती खराट्यानं घासणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. पोतं अंथरू नका, ते घडी पडून पायात अडकतं. खाली नीट चिकटणारी रबरी चटई चालेल. पाटावर खाली बसून अंघोळ करणं गुडघे दुखणाऱ्याला जड जातं, त्यापेक्षा रुंद पायांचा पक्का स्टूल द्या. साबण, गडू, टॉवेल हे सगळं बसल्या जागी हात पोचेल असं ठेवा. बादली भरून देणं, ती उचलू न देणं, इथंपर्यंत मदत पुरे. पाठ चोळायला हात पोचत नसेल तर तेवढी पाठ चोळून द्यावी, बाकी अंग त्यांचं त्यांना धुऊ द्यावं.

गावोगावी घराघरांत संडास झाले, पण बहुतेक भारतीय पद्धतीचे. उकिडवं बसून उठणं हे या वयात सगळ्यात अवघड काम. भोकाची कमोड खुर्ची त्याच भांड्यावर ठेवता येते. ती लोखंडी आणि पायांना रबर असलेलीच घ्या. घरच्या प्लास्टिक खुर्चीला भोक पाडून काम भागवणारे आहेत, पण ओल्या फरशीवर तिचे पाय फाकतात आणि माणूस खाली येतो. बाजूच्या भिंतीत धरायला पाईप हवा. टॉवेल टांगायचा रॉड माणसाचा भार घेत नाही. भिंत मातीची असेल तर गावातल्या वेल्डरकडून जीआय पाईप वाकवून घ्या आणि जमिनीत काँक्रीटमध्ये पक्का रोवा. आतली कडी बाहेरूनही उघडेल अशी करून घ्यावी. रात्रीसाठी बाजेपासून संडासापर्यंत एक छोटा दिवा चालू असावा.

आणखी एक गोष्ट. संडासला जायचा त्रास नको म्हणून अनेक म्हातारी माणसं पाणीच कमी पितात. आपल्याकडं मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. पाणी कमी पडलं की लघवीला जळजळ, बद्धकोष्ठ, चक्कर आणि शेवटी पडणं. संडास सोपा करून दिला तर आजी पाणी प्यायला लागते.

उठणं, काठी, कपडे, जेवण

जुन्या बाजेची निवार सैल पडली की माणूस तिच्यात रुततो. ती ताणून घ्या. उंची इतकी असावी की बसल्यावर पाय जमिनीला टेकतील आणि गुडघे काटकोनात राहतील. उठताना बगलेत हात घालून ओढू नका, खांदा निखळू शकतो. आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, कोपरानं रेटून बसायचं, मिनिटभर तसंच थांबायचं आणि मग उभं राहायचं. बीपीची गोळी चालू असलेल्यांनी हे थांबणं चुकवूच नये. पक्क्या खुर्चीवरून हाताचा आधार कमीत कमी घेऊन उठ-बस, सकाळी पाच आणि संध्याकाळी पाच वेळा, एवढ्यानंही मांड्यांत ताकद टिकते.

काठीची उंची : माणूस सरळ उभा, हात खाली सोडलेला, तेव्हा मूठ मनगटाच्या रेषेला यावी. दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात काठी धरायची असते, बहुतेक लोक उलटं करतात. खालचं रबर झिजलं की बदला.

अर्धांगवायू झालेल्यांना कपडे घालताना आधी अधू हात बाहीत घालायचा, काढताना आधी चांगला हात काढायचा. हा एक नियम कळला की अर्धी झटापट कमी होते. नाडीऐवजी इलॅस्टिक, बटणांऐवजी चिकटपट्टी चालते. नऊवारी सोडून गाऊन घालायला आजी तयार नसेल तर भांडू नका, बसून नेसता येईल अशी जागा द्या. विसरभोळेपणा असलेल्यांसमोर सगळे कपडे एकदम ठेवू नयेत. एकेक हातात द्यावा आणि एकच वाक्य बोलावं.

हात थरथरत असेल तर चमच्याच्या दांड्याला कापडाची पट्टी गुंडाळून जाड मूठ करा, सायकलच्या हँडलचं रबरही बसतं. ही युक्ती कुष्ठरोग्यांच्या पुनर्वसनात जुनी आहे. आपल्याच जिल्ह्यात दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी 1936 मध्ये कुष्ठरोग्यांसाठी केंद्र सुरू केलं होतं. भाकर वरणात कुस्करून द्यायला हरकत नाही, पण घास त्यांच्या हातानं जाऊ द्या. सांडलं तर सांडलं.

हे सगळं करायला वेळ लागतो, आणि हंगामात तोच नसतो, हे खरं आहे. मग निदान दिवसातलं एक काम ठरवा जे कितीही वेळ लागला तरी आबाजी स्वतः करतील. बाकीच्यांत सुरुवात तुम्ही करा, शेवट त्यांना करू द्या. बाह्या तुम्ही घाला, शेवटची दोन बटणं त्यांची.

अचानक बदल झाला तर

काल स्वतः अंघोळ करणारा माणूस आज उठेना, भलतंच बोलतोय, कपडे ओले करतोय, तर "वय झालं" म्हणून सोडू नका. लघवीचा संसर्ग, साखर कमी होणं, नवीन गोळी, काहीही असू शकतं. तोंड वाकडं झालं, एक हात लटकला, जीभ जड झाली तर लगेच 108. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, तेव्हा सकाळची वाट पाहू नये. हिंगणघाट आणि आर्वीला उपजिल्हा रुग्णालय आहे. सेवाग्रामचं कस्तुरबा आणि सावंगी (मेघे) इथलं आचार्य विनोबा भावे ही मोठी रुग्णालयं आहेत. पडल्यानंतर किंवा अर्धांगवायूनंतर फिजिओथेरपीबद्दल तिथं आवर्जून विचारा. नुसत्या गोळ्या घेऊन परतू नका.

साहित्य आणि कागदपत्रं

राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षांपुढच्या आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 2 लाखांच्या आत असलेल्यांना एकदाच 3,000 रुपये बँक खात्यात मिळतात. त्यातून काठी, वॉकर, कमोड खुर्ची, चष्मा, श्रवणयंत्र, कंबरपट्टा घेता येतो. खरेदीची पावती जपून ठेवा, ती द्यावी लागते. अर्ज सध्या घेतात का, हे वर्ध्याच्या सहायक आयुक्त समाजकल्याण कार्यालयात विचारा. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना 2017 पासून आहे, तिचं साहित्य शिबिरात वाटतात. 70 वर्षांपुढच्यांना उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. ज्येष्ठांसाठी हेल्पलाइन 14567.

आशाताई घरी येऊन जो सीबॅक फॉर्म भरतात, त्यात साठीपुढच्यांसाठी वेगळे प्रश्न आहेत : उभं राहताना तोल जातो का, खाणं-कपडे-अंघोळ-संडास यासाठी दुसऱ्याची मदत लागते का, नावं विसरतात का. पुष्कळ घरांत ओसरीवरूनच "नाही, सगळं बरं आहे" असं सांगून ताईंना परत पाठवलं जातं. फॉर्म भरताना आजी-आबाजींना समोर बसवा आणि उत्तर त्यांनाच देऊ द्या.