दिव्याखाली वाढलेली रोपं

कार्तिक सरला की घरातल्या कुंड्यांची वाढ मंदावते. आपल्याकडे डिसेंबरात दिवस सुमारे ११ तासांचा असतो. लंडनला तो ८ तासांहूनही कमी. त्यामुळे हिवाळ्यात झाडांना उजेड कुठून द्यायचा, याचा शोध तिकडे लवकर सुरू झाला.

१८८० साली इंग्लंडमध्ये विल्यम सीमेन्स या अभियंत्यानं मोहरी, गाजर, काकडी, खरबूज यांचं बी कुंड्यांत पेरलं आणि कुंड्यांचे चार गट केले. पहिला गट अंधारात. दुसऱ्याला फक्त विजेचा दिवा. तिसऱ्याला फक्त दिवसाचा उजेड. चौथ्याला दिवसा उजेड आणि रात्री दिवा. अंधारातली रोपं पिवळी पडून मेली. नुसत्या दिव्याखालची हिरवी राहिली, दिवसाच्या उजेडातली त्यांच्याहून सरस, आणि चौथ्या गटाची सगळ्यांत जोमदार. म्हणजे दिव्याच्या उजेडावरही झाड आपलं अन्न तयार करतं, पण सूर्याची बरोबरी तो दिवा करत नाही. त्या काळचे दिवे फार प्रखर होते. उघडा दिवा जवळ ठेवला तर पानं करपायची. मध्ये काच धरली की रोपं सुधारायची.

पुढची गोष्ट अमेरिकेतली. गार्नर आणि अलार्ड या दोन शास्त्रज्ञांकडे तंबाखूची एक जात होती. उन्हाळ्यात ती माणसापेक्षा उंच वाढे, पण फुलत नसे. त्यांनी काही कुंड्या रोज दुपारी अंधाऱ्या खोलीत नेऊन ठेवल्या. दिवस लहान झाला आणि झाडं फुलली. १९२० साली त्यांनी हे जगापुढे मांडलं. उजेड हे झाडाचं जेवण तर आहेच, शिवाय ते त्याचं घड्याळही आहे.

हे आपल्या कामाचं आहे. आपली शेवंती मोठ्या रात्रींवर फुलते. अंगणातला दिवा रात्रभर तिच्यावर पडला, तर तिला रात्र लहान वाटते आणि कळ्या लांबतात. फुलं उशिरा हवी असतील तर फूलशेतकरी मुद्दाम रात्री दिवे लावतात. पण गटाला मार्गशीर्षातल्या गुरुवारी फुलं विकायची असतील, तर शेवंतीची कुंडी दिव्यापासून दूरच हवी.

घरातल्या मनीप्लांटसारख्या पानांच्या झाडांना मात्र दिवा चालतो. ९ वॅटचा एलईडी बल्ब झाडाच्या वर हातभर अंतरावर, दिवसा १० तास लावला, तर ११ दिवसांत साधारण एक युनिट वीज लागते. रात्री तो बंद करावा. थंडीत पाणी कमी, माती वरून सुकल्यावरच घालावं. खिडकीशी जागा असेल, तर तेवढीही वीज नको.

सीमेन्सच्या कुंड्यांचा प्रयोग आपल्या गटातही करता येईल. मोहरीचं मूठभर बी आणि चार डबे पुरे. पंधरा दिवसांनी काय दिसलं, ते पुढच्या बैठकीत सांगू या.