मुंग्यांची वाट आणि खिशातला फोन

समजा महापुरात गावातले सगळे टॉवर बंद पडलेत. फोन चालू, पण रेंज नाही. अशा वेळी एका फोनने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला देत मेसेज पुढे न्यायचा. याला म्हणतात मोबाइल अ‍ॅड-हॉक नेटवर्क. पण वाट कोण शोधणार? नकाशा कुणाकडेच नाही आणि प्रत्येक फोन कुणाच्या तरी खिशात बसून फिरतोय.

याचं एक उत्तर मुंग्यांकडून आलं. ब्रसेल्सच्या गॉस, देनेबूर्ग आणि सहकाऱ्यांनी १९८९ साली एक प्रयोग छापला. वारूळ आणि खाऊ यांच्यामध्ये पूल, त्याला दोन फाटे, एक आखूड, एक लांब. आखूड फाट्यावरच्या मुंग्या लवकर परततात, तिथे त्यांचा वास आधी साचतो, मागच्या त्या वासामागे जातात. थोड्या वेळात बहुतेक रांग आखूड फाट्यावर. हुकूम कुणीच दिला नाही!

मला मात्र दुसरा भाग जास्त आवडतो, जो कुणी फारसा सांगत नाही. आधी फक्त लांब फाटा ठेवला आणि अर्ध्या तासाने आखूड जोडला. मुंग्या लांबच्याच वाटेला चिकटून राहिल्या. जुना वास पुरेसा लवकर उडत नव्हता ना.

फिरत्या फोनांना हे परवडणार नाही. मघाशी समोर असलेला शेजारी आता कोपऱ्यापलीकडे गेलेला असतो. मिलानच्या मार्को दोरिगोंनी १९९२ च्या पीएचडीत मुंग्यांचा अल्गोरिदम मांडला, त्यात दर फेरीला वास थोडा उडवायची सोय होती. १९९८ मध्ये दी कारो आणि दोरिगोंचं अँटनेट आलं. छोटी पॅकेटं 'मुंग्या' म्हणून सोडायची, लागलेला वेळ मोजायचा आणि परत येताना वाटेवरच्या राउटरांचे आकडे बदलायचे.

पण वायरलेसमध्ये सतत मुंग्या सोडल्या तर बॅटरीही जाते, बँडविड्थही. म्हणून दी कारो, दुकातेल आणि गाम्बार्देल्ला यांचं अँटहॉकनेट वाट शोधतं ते गरज पडली की. डेटा चालू असेपर्यंतच मुंग्या अधूनमधून फिरतात, आणि शेजारी गायब झाला की त्याची नोंद पुसली जाते.

खरं सांगू? यातलं बरंचसं काम सिम्युलेशनमध्येच राहिलं. २००३ च्या आरएफसी ३५६१ मधली एओडीव्ही पद्धत साधी आहे: विचारा, वापरा, तुटली की परत विचारा. इंजिनीअर म्हणून मी तीच आधी निवडेन, कारण रात्री दोनला बग शोधायचा असतो. आणि गंमत म्हणजे तिच्यातही प्रत्येक वाटेला मुदत असते. वापर थांबला, मुदत संपली, की वाट बाद.