ग्रंथसूचीत आपली माणसे

मुळशी पेट्यातील शेतकऱ्यांनी १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू केला. या लढ्याने पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' ही पदवी दिली आणि पुढे तेच त्यांचे नाव झाले. जमिनी आणि गावे पाण्याखाली गेली. लढ्याची स्मृती कागदांत उरली. पण हे कागद शोधायचे कोठे? सरकारच्या दृष्टीने तो भूसंपादनाचा विषय, कंपनीच्या दृष्टीने वीजनिर्मितीचा, तर इतिहासकारांच्या दृष्टीने सत्याग्रहाचा. बापटांच्या नावाचेही तसेच. पां. म. बापट आणि सेनापती बापट ही एकच व्यक्ती, हे सूचीने सांगितले नाही तर शोधणाऱ्याच्या हाती निम्मेच साहित्य लागते. म्हणून जाणता ग्रंथपाल प्रत्येक लेखकाचे एक प्रमाण नाव ठरवतो आणि बाकीची नावे त्याला जोडून ठेवतो.

बापटांना ओळखणारे पुष्कळ आहेत. आम्हाला काळजी वाटते ती ज्यांची नावे जुळवणारे थोडे आहेत, त्यांची.

शहा मुंतोजी बामणी हे मराठी परंपरेत 'मृत्युंजय' म्हणूनही ओळखले जातात. हस्तलिखितांच्या यादीत नुसते 'मृत्युंजय' लिहिले, तर मुंतोजींना शोधणारा रिकाम्या हाताने परततो. आणि 'मृत्युंजय' वाचणाऱ्याला हा कवी मुसलमान होता याची कल्पनाही येत नाही. 'योगसंग्राम'कार श्रीगोंद्याचे शेख महंमद यांची अडचण वेगळी. त्यांच्या नावातील 'शेख' हे आजच्यासारखे आडनाव नव्हे. आडनाव आधी लिहिण्याच्या नियमात त्यांना बसवले की नावाची मोडतोड होते. 'सिद्धांतबोध' लिहिणाऱ्या शहा मुनींना तर नुसत्या नावावरून कोणी गुजराती जैन साधूही समजेल. आणि बार्शीचे शाहीर अमर शेख? त्यांचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. ही दोन नावे जोडलेली नसतील, तर एका शाहिराची दोन माणसे होतात.

वर्गीकरणाचा प्रश्नही असाच. ड्युईच्या दशांश पद्धतीत इस्लामचा क्रमांक २९७ आणि मराठी साहित्याचा ८९१.४६. हमीद दलवाई यांची 'इंधन' ही मराठी कादंबरी आहे. तिची जागा मराठी कादंबऱ्यांच्या कपाटातच. लेखकाचे नाव पाहून पुस्तकाचा विषय ठरवला, तर आपले लेखक मराठी साहित्याच्या फळीवरून नकळत बाजूला सरकतात.

शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९५० या काळातील मराठी ग्रंथांची सूची मोठ्या कष्टाने सिद्ध केली. रा. चिं. ढेरे आणि यू. म. पठाण यांनी मुसलमान संतकवींचा शोध घेऊन त्यांची ओळख मराठी वाचकांना करून दिली. हे श्रम आता संगणकाच्या नोंदींत उतरायला हवेत. माणूस अंदाज करतो, यंत्र अक्षरे जुळवते. महंमद, मुहम्मद आणि मोहम्मद ही त्याच्या लेखी तीन वेगळी नावे. रोमन लिपीत गेलो की त्यांत आणखी भर. जुन्या पोथीची पाने स्कॅन केली म्हणजे काम संपले, असेही नाही. नोंद नीट नसेल तर ती पोथी संगणकातही हरवते. 'कोहा'सारखी प्रणाली मोफत मिळते आणि तिच्यात पर्यायी नावे जोडण्याची सोय आहे. लहान वाचनालयालाही हे काम करता येईल.

सोलापुरात १९९० साली पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. त्यानंतर लिहित्या झालेल्यांपैकी अनेकजण आज आपल्यात आहेत. मुंतोजींना विचारता येत नाही, यांना येते. म्हणून आमची विनंती एवढीच : वाचनालयाला पुस्तक भेट देताना लेखकाने सोबत एक कार्ड द्यावे. त्यावर पूर्ण नाव, टोपणनाव, जन्मवर्ष, गाव आणि पुस्तकाचा प्रकार स्वतःच्या हाताने लिहावा. दिवंगत लेखकांसाठी हे काम त्यांच्या मुला-नातवंडांनी करावे.