तीन दिवसांत मौलिक लेखक

दहा मिनिटांचा गजर लावायचा. हात थांबवायचा नाही, खोडायचं नाही, ऱ्हस्व-दीर्घ पाहायचं नाही. काहीच सुचेना तर ‘काही सुचत नाही’ एवढंच पुन्हा पुन्हा लिहायचं. लेखन-कार्यशाळांत रुळलेला हा मुक्तलेखनाचा प्रकार अमेरिकी वाटतो. त्याचा मूळपुरुष मात्र फ्रँकफर्टमधल्या ज्यू कुटुंबात जन्मलेला एक फटकळ पत्रकार होता.

लुडविग बर्ने (१७८६–१८३७) याने १८२३ साली ‘तीन दिवसांत मौलिक लेखक होण्याची कला’ असा छोटासा लेख लिहिला. शीर्षकातच थट्टा आहे, कारण झटपट भाषा शिकवणाऱ्यांचा तो सुळसुळाटाचा काळ होता. पण लेखाच्या शेवटी बर्नेने दिलेली कृती थट्टेची नाही. कोरे कागद घ्या आणि सलग तीन दिवस मनात येईल ते, काही न लपवता, लिहून काढा. कशाबद्दल? स्वतःबद्दल, बायकोबद्दल, तुर्कांच्या युद्धाबद्दल, गटेबद्दल, गाजत असलेल्या खून-खटल्याबद्दल, कयामतीच्या दिवसाबद्दल, आपल्या वरिष्ठांबद्दल. तीन दिवसांनी स्वतःचेच विचार पाहून तुम्ही थक्क व्हाल, असं तो सांगतो.

ही यादी मला फार आवडते. बायको आणि साहेब यांच्यामध्ये गटे! १८१९च्या कार्ल्सबाड ठरावांनी जर्मन राज्यांत छपाईच्या मुसक्या आवळल्या होत्या आणि बर्नेला सेन्सॉरचा त्रास नित्याचा होता. तरी तो म्हणतो की सरकारपेक्षा लोक काय म्हणतील याचा धाक जास्त जाचक असतो. लेखकांमध्ये बुद्धीची नव्हे, धैर्याची वाण आहे, असं त्याचं निदान होतं.

पुढची गोष्ट व्हिएन्नातली. हॅवलॉक एलिस या इंग्रज लेखकाने मनोविश्लेषक फ्रॉइडची मुक्त साहचर्याची, म्हणजे रुग्णाला मनात येईल ते बोलू देण्याची, पद्धत जुनीच असल्याचं लिहिलं आणि पुरावा म्हणून गार्थ विल्किन्सन या डॉक्टराचं १८५७चं कवितांचं पुस्तक पुढे केलं. विषय ठरवायचा, पहिली येईल ती ओळ धरायची, अशा रीतीने त्या कविता झाल्या होत्या. फ्रॉइडने १९२० मध्ये एका टिपणात उत्तर दिलं, तेही स्वतःचं पूर्ण नाव न घालता आणि स्वतःचा उल्लेख तृतीयपुरुषी करून. विल्किन्सनचा वारसा त्याने नाकारला, बर्नेचा मात्र जवळपास कबूल केला. चौदाव्या वर्षी त्याला बर्नेचे ग्रंथ भेट मिळाले होते. बालपणीच्या पुस्तकांपैकी तेवढेच पन्नास वर्षांनीही त्याच्याजवळ होते. लेख वाचल्याचं त्याला आठवत नव्हतं, पण कल्पना विस्मृतीत मुरून वर आली असावी, हे त्याने मान्य केलं.

तोवर फ्रॉइडचे विचार पॅरिसला पोचले होते. फ्रेंच कवी आंद्रे ब्रेतों पहिल्या महायुद्धाच्या काळात मनोरुग्णांच्या सैनिकी केंद्रात काम करत असताना त्या विचारांच्या संपर्कात आला, आणि १९१९ मध्ये फिलिप सूपोबरोबर भराभर, न थांबता लिहून त्याने ‘चुंबकीय क्षेत्रे’ हे पुस्तक सिद्ध केलं. इथे धैर्य मागे पडलं, वेग पुढे आला. १९३४ मध्ये डोरोथिया ब्रँड या अमेरिकी लेखिकेने त्याची दिनचर्या केली: नेहमीपेक्षा लवकर उठा, वर्तमानपत्र उघडण्याआधी, कोणाशी बोलण्याआधी लिहायला बसा.

वर्गात हे आणलं ते केन मॅक्रोरीने, १९६४ मध्ये, मिशिगनमधल्या एका विद्यापीठात. विद्यार्थ्यांचे निर्जीव निबंध वाचून तो वैतागला होता. (आपल्याकडे पावसाळा आला की सृष्टी हिरवा शालू नेसते, त्याच जातीचे.) दहा मिनिटं किंवा पानभर, न थांबता लिहून आणा, एवढंच त्याने सांगितलं.

पीटर एल्बो या अमेरिकी प्राध्यापकाची अडचण आणखी वेगळी. लिहिता येईना म्हणून हार्वर्डमधली डॉक्टरेट त्याने एकदा अर्धवट सोडली होती. १९७३च्या त्याच्या पुस्तकाने मुक्तलेखन घरोघर नेलं, पण त्यातला पुढचा भाग कार्यशाळांत बहुधा गाळला जातो. लिहून झालेल्या पानांचा गुरुत्वमध्य कुठे आहे ते शोधा, तो एका वाक्यात मांडा, आणि त्या वाक्यापासून पुन्हा न थांबता लिहायला घ्या. नवी कल्पना सहसा या दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत हाती लागते. पहिल्या दहा मिनिटांत बऱ्याचदा नुसता कचरा निघतो, आणि एल्बोला त्याचं काहीच वाटत नव्हतं.