जखमी घोरपड दारात आली तर…

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना घोरपड नवी नाही. कोंबड्यांच्या खुराड्याभोवती अंडी शोधत फिरणारी, विहिरीच्या कठड्यावर ऊन खात पडलेली किंवा भातखाचराच्या बांधावरून संथ चालीने जाणारी घोरपड बहुतेकांनी पाहिलेली असते. मात्र कुत्र्यांनी फाडलेली किंवा गाडीच्या चाकाखाली शेपूट चिरडलेली घोरपड अंगणात येऊन पडली, की काय करावे हे फार थोड्यांना ठाऊक असते. काही जण काठी शोधतात. काही जण, त्यातही शनिवार-रविवारी फार्महाऊसवर येणारी शहरी कुटुंबे, तिला टोपलीखाली झाकतात, जखमेवर हळद दाबतात, पुढ्यात दुधाची बशी ठेवतात आणि बरी होईपर्यंत घरीच सांभाळण्याचा बेत करतात. पहिल्या प्रकारात घोरपड तत्काळ मरते. दुसऱ्या प्रकारात ती बहुधा काही दिवसांनी मरते, आणि आपण इतके करूनही ती का गेली हे घरच्यांना उमगत नाही.

या दोन तालुक्यांची रचनाच अशी आहे, की माणूस आणि घोरपड यांची गाठ पडणे अटळ आहे. एका अंगाला माथेरानचा डोंगर, दुसऱ्या अंगाला भीमाशंकर अभयारण्याकडे चढत जाणारी सह्याद्रीची भिंत, मधल्या सखल पट्ट्यात उल्हास आणि पाताळगंगा या नद्या, भातशेती, वाड्या-वस्त्या आणि गेल्या दोन-तीन दशकांत उभी राहिलेली फार्महाऊसे. खालापूर तालुक्यातून २००२ मध्ये पूर्णपणे खुला झालेला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग जातो. ऊन खाण्यासाठी तापलेल्या डांबरावर येणाऱ्या सरपटणाऱ्या प्राण्यांना कोणताही वाहता रस्ता घातकच. त्याखेरीज मोकाट कुत्री, उन्हाळ्यातले वणवे, कठडा नसलेल्या विहिरी, कुंपणाच्या जाळ्या आणि शिकाऱ्यांचे फासे आहेतच. घोरपडीचे मांस खाल्ले जाते, तिच्या चरबीला औषधी मानले जाते. नराच्या वाळवलेल्या जननेंद्रियाला ‘हत्ताजोडी’ असे नाव देऊन ते वनस्पतीचे दुर्मीळ मूळ म्हणून विकले जात असल्याचे प्रकरण २०१७ मध्ये गाजले होते. लक्ष्मीप्राप्तीसाठी देव्हाऱ्यात ठेवलेली ती वस्तू प्रत्यक्षात काय आहे, हे अनेक भाविकांना तेव्हाच कळले.

कायदा काय म्हणतो

या भागात आढळणारी घोरपड वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे १ एप्रिल २०२३ पासून अनुसूचींची फेरमांडणी झाली, तरी तिचे स्थान कायम राहिले. पहिल्या अनुसूचीतील प्राण्याबाबतच्या गुन्ह्याला किमान ३ आणि कमाल ७ वर्षांचा कारावास व किमान २५ हजार रुपये दंड अशी शिक्षा आहे. प्राणी पकडणे हेदेखील कायद्याच्या भाषेत ‘शिकार’ या व्याख्येत मोडते. तेव्हा घोरपड पाळता येत नाही, हे उघड आहे. पण जखमी घोरपड उचलून आणणाऱ्यानेही गुन्हेगार ठरण्याच्या भीतीने तिला रस्त्यावर सोडून द्यावे, असा याचा अर्थ नाही. याच कायद्याच्या कलम ३९ नुसार असा प्राणी शासनाची मालमत्ता ठरतो आणि तो ज्याच्या ताब्यात आला त्याने ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा प्राधिकृत अधिकाऱ्याकडे तशी माहिती द्यायची असते. प्रत्यक्षात इतका वेळ थांबण्याचे काहीच कारण नाही. वन विभागाचा १९२६ हा मदत क्रमांक आहे, गावच्या वनरक्षकाला निरोप देता येतो, आणि कर्जत, नेरळ, खोपोली या परिसरात साप पकडून जंगलात सोडणारे कार्यकर्ते बहुतेक गावांना माहीत असतात. त्यांच्यामार्फतही वन विभागापर्यंत पोहोचता येते.

पहिला तास

मदत येईपर्यंत करण्यासारख्या गोष्टी मोजक्याच आहेत. कुत्री आणि बघे यांना आधी दूर करावे. घोरपड सुरक्षित जागी असेल तर तिला हात न लावता नुसती नजर ठेवावी. उचलणे भागच असेल, तर जाड गोणपाट किंवा चादर अंगावर टाकून डोके झाकावे. अंधार झाला, की तिची धडपड पुष्कळशी थांबते. एका हाताने मानेच्या मागे आणि दुसऱ्या हाताने शेपटीच्या मुळाशी धरून, पोटाला आधार देत ती झाकणाच्या प्लास्टिकच्या खोक्यात किंवा पिंपात ठेवावी. झाकणाला भोके हवीत आणि तळाशी जुने कापड. पुठ्ठ्याचा खोका तिच्या नखांपुढे टिकत नाही. तानाजी मालुसऱ्यांनी १६७० मध्ये सिंहगड चढताना घोरपडीला दोर बांधल्याची कथा ही आख्यायिका आहे, पण ती रचणाऱ्याने या नखांची पकड पाहिलेली असणार.

घोरपड नागासारखा विषारी दंश करते, किंवा तिच्या फुत्काराने माणूस दगावतो, असे समज अजूनही ऐकू येतात. फुत्काराने काहीही होत नाही. तिचा चावा मात्र खोल असतो, ती लवकर सोडत नाही आणि जखमेत जंतुसंसर्ग होण्याची शक्यता असते. शेपटीचा फटकाही चांगलाच लागतो. चावा बसल्यास जखम साबणाने भरपूर धुऊन डॉक्टरांकडे जावे. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यांत साल्मोनेला हे जंतू असू शकतात. त्यामुळे हाताळणी झाल्यावर प्रत्येकाने हात धुवावेत आणि लहान मुलांना जवळ येऊ देऊ नये.

जखम उघडी असेल, तर निर्जंतुक सलाईनने किंवा उकळून गार केलेल्या पाण्याने माती धुऊन काढावी आणि वर स्वच्छ, ओलसर गॉज ठेवावे. इथेच थांबावे. हळदीचा लेप, चुना, तंबाखू, राख यांनी जखमेवर घट्ट खपली धरते, आत घाण कोंडते आणि पशुवैद्यकाला प्रथम तीच खरवडावी लागते. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या तर देऊच नयेत. दूध सरपटणाऱ्या प्राण्यांच्या पचनासाठी नाही. तोंड उघडून पाणी ओतणे सर्वांत धोक्याचे, कारण श्वासनलिकेचे मुख तोंडाच्या तळाशी, जिभेच्या मागे लगेचच असते आणि ओतलेले पाणी थेट फुप्फुसात जाऊ शकते.

उष्णता हेच पहिले औषध

कुत्रा, मांजर किंवा गाय यांच्या शुश्रूषेचा अनुभव घोरपडीच्या बाबतीत फसतो, त्याचे मूळ तिच्या शरीरात आहे. सस्तन प्राण्याचे शरीर स्वतःची ऊब स्वतः तयार करते. घोरपड, सरडा, पाल यांना ती उन्हातून, तापलेल्या दगडातून मिळवावी लागते. शरीर थंड असेल तर अन्न पचत नाही, औषध अंगात नीट पसरत नाही आणि रोगजंतूंशी लढणाऱ्या पेशीही मंदावतात. १९७५ मध्ये मॅथ्यू क्लुगर आणि त्यांच्या अमेरिकन सहकाऱ्यांनी वाळवंटी इग्वाना या सरड्याच्या जातीवर केलेला प्रयोग या विषयात नेहमी सांगितला जातो. जंतुसंसर्ग झालेल्या सरड्यांचे गट वेगवेगळ्या तापमानांत ठेवले गेले. ४० ते ४२ अंश सेल्सियसला ठेवलेल्यांपैकी जगणाऱ्यांचे प्रमाण ३४ अंशांना ठेवलेल्यांपेक्षा बरेच जास्त निघाले. त्याआधीच्या प्रयोगात असे दिसले होते, की मोकळीक दिल्यास आजारी सरडा आपण होऊन अधिक उबेची जागा निवडतो. माणसाला ताप आपोआप चढतो. सरड्याला त्यासाठी चालत उन्हात जावे लागते.

टोपलीखाली, फरशीच्या गार खोलीत ठेवलेल्या घोरपडीला नेमके हेच करता येत नाही. पौष-माघातल्या रात्री ती इतकी सुस्त होते, की मेली असे समजून तिला फेकून दिल्याचेही ऐकू येते. उपचार केंद्रांत म्हणूनच पिंजऱ्याचे एक टोक साधारण ३५ अंशांपर्यंत उबदार आणि दुसरे २६ ते २८ अंशांच्या आसपास ठेवले जाते. हवे तिथे जाण्याचा निर्णय प्राण्याने घ्यायचा. दिव्याला जाळीचे आवरण हवेच, कारण सरपटणारे प्राणी तापलेल्या वस्तूला चिकटून राहतात आणि कातडी भाजेपर्यंत हलत नाहीत. घरी मदतीची वाट पाहताना गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवली, तरी पुरते. खोका उन्हात मात्र ठेवू नये. बंद खोक्यात घोरपड अर्ध्या तासात उष्माघाताने मरू शकते.

उबेनंतर पाणी आणि त्यानंतर अन्न, हा क्रम पशुवैद्यक काटेकोरपणे पाळतात. कोरड्या पडलेल्या, उपाशी प्राण्याच्या पोटात एकदम अंडी किंवा मांस गेले, तर रक्तातील क्षारांचे संतुलन बिघडून तो दगावू शकतो. जखमी घोरपड दोन-चार दिवस जेवली नाही म्हणून घाबरण्याचे कारण नसते. तिचे शरीर त्यासाठी बनलेलेच आहे.

आठवडे नव्हे, महिने

क्ष-किरण चित्र, वेदनाशामक, प्रतिजैविक, टाके हे सारे कुत्र्यासारखेच दिसते, पण बारकावे निराळे आहेत. मागच्या पायांकडून येणारे रक्त काही प्रमाणात आधी मूत्रपिंडांकडे जाते. त्यामुळे इंजेक्शन शक्यतो शरीराच्या पुढच्या भागात देण्याचा प्रघात आहे. कुत्र्याचे टाके साधारण १० ते १४ दिवसांत निघतात, सरपटणाऱ्या प्राण्यांचे बहुधा ४ ते ६ आठवडे ठेवावे लागतात. मोडलेले हाड सांधायला कित्येकदा महिने लागतात. फार्महाऊसच्या मालकाची रजा सोमवारी संपते, घोरपडीची जखम नाही, हेही एक कारण घरगुती शुश्रूषेविरुद्ध आहे. असे उपचार करणारी व्यवस्था या तालुक्यांपासून दोन्ही दिशांना आहे. मुंबईत बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात वन्यप्राणी बचाव पथक आहे, पुण्यात बावधन येथे वन विभाग आणि रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट यांचे उपचार केंद्र आहे. प्राणी कुठे न्यायचा, हे वन विभागाने ठरवायचे असते.

घरात ज्याची शुश्रूषा खरोखर करता येते, तो प्राणी म्हणजे पाल. दारात चिमटलेल्या पालीची शेपटी तुटली, तर मलमपट्टी लागत नाही. ती शेपटी ठरलेल्या जागी तुटण्यासाठीच असते, रक्त फारसे जात नाही आणि नवी उगवते. नव्या शेपटीत मणक्यांऐवजी कूर्चेची दांडी असते, एवढाच फरक. घोरपडीला आणि बागेतल्या सरड्याला ही सोय नाही. त्यांची शेपटी गेली, की गेली. उंदरांच्या चिकट पट्टीवर अडकलेल्या पालीला ओढू नये, कातडी सोलून निघते. खाद्यतेलाचे थेंब कडेकडेने सोडत, कापसाच्या बोळ्याने एकेक पाय मोकळा करावा. मग कोमट पाण्याने तेल पुसून, भोके पाडलेल्या डब्यात एक रात्र उबेला ठेवून, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भिंतीवर सोडावी. इतके पुरते. पाल अंगावर पडल्याचे शुभाशुभ पाहणाऱ्या घरांतही हे करायला हरकत नसावी.

परदेशी सरडे पाळणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. मुंबई-पुण्यात हिरवा इग्वाना पाळणारी घरे आहेत आणि त्यांपैकी काही सुटीत त्याला कर्जतलाही आणतात. अशा प्राण्यांची नोंदणी २०२४ च्या नियमांनुसार केंद्राच्या परिवेश संकेतस्थळावर करावी लागते. इग्वानाचा पाय मोडतो, तेव्हा पडणे हे निमित्त असते. खरे कारण बहुतेक वेळा कॅल्शियम आणि अतिनील किरणांचा अभाव हे असते. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हात ते किरण जवळजवळ नसतातच. औषधाइतकाच तिथे योग्य दिवा आणि आहार लागतो. सांभाळणे झेपत नाही म्हणून त्याला माथेरानच्या उतारावर सोडणे हा मात्र उपाय नव्हे. फ्लोरिडा, तैवान आणि सिंगापूर येथे अशाच सुटलेल्या इग्वानांनी वस्ती केली आहे.

बरी झालेली घोरपड शक्यतो जिथे सापडली त्याच परिसरात सोडतात. बिळे, वारुळे, झाडांच्या ढोल्या आणि पाण्याच्या जागा तिला तिथल्याच माहीत असतात. म्हणून पहिल्या दिवशी वनरक्षकाला द्यायची सर्वांत उपयोगी माहिती म्हणजे ती नेमकी कुठे सापडली ही होय. गाव, ओढा, बांध, रस्त्याचा टप्पा, जे सांगता येईल ते लिहून द्यावे. सोडण्याआधी ती पळते का, चढते का, स्वतः भक्ष्य पकडते का, हे पाहिले जाते. सोडण्याची वेळ सकाळची निवडतात, ऊन चढू लागल्यावर, म्हणजे लपण्याची जागा शोधायला तिला पूर्ण दिवस मिळतो. पावसाळा हा तिच्या विणीचा हंगाम. मादी जमिनीत किंवा वारुळात साधारण २० अंडी घालते आणि पिल्ले बाहेर येण्यास कित्येक महिने लागतात. जूनमध्ये कुत्र्यांच्या तोंडून सुटलेली घोरपड अंड्यांवर आलेली मादी असू शकते, हेही वन कर्मचाऱ्याला सांगण्यासारखे असते.