भेट, दान आणि विस्मृती : मुंबई बंदराच्या दोन काठांवरील कलावस्तूंविषयी काही विचार

१

धनिकाने मोठे मोल देऊन कलाकृती घडवून घ्यावी अथवा विकत घ्यावी आणि ती दुसऱ्यास अर्पण करावी, हा व्यवहार जितका जुना तितकाच आजचाही आहे. वृत्तपत्रांतून अशा भेटींच्या वार्ता येतात तेव्हा वाचकांचे लक्ष किमतीच्या आकड्यावर खिळते. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र निराळा प्रश्न विचारला पाहिजे. वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात गेली, तेव्हा तिच्याबरोबर तिचा वृत्तांतही गेला की मागे राहिला ? कलावस्तू हे इतिहासाचे साधन असते आणि भेटीचा व्यवहार या साधनाचे कधी रक्षण करतो, तर कधी ते कायमचे नाहीसे करतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार मुंबई बंदराच्या दोन काठांवरील काही उदाहरणांच्या आधारे करावयाचा आहे.

न्हावा आणि शेवा ही गावे आज १९८९ साली सुरू झालेल्या मोठ्या बंदरामुळे सर्वतोमुखी झाली आहेत. परंतु या किनाऱ्यावर उभे राहून पश्चिमेस पाहिले की प्रथम नजरेत भरते ते घारापुरीचे बेट, आणि त्यापलीकडे मुंबई. या जलमार्गाने सोळाव्या शतकापासून कलावस्तू जात-येत राहिल्या आहेत. एका काठावरून मूळची शिल्पे व शिलालेख राजांकडे निघाले. दुसऱ्या काठावर विलायतेत घडविलेले पुतळे उतरले. दोन्ही प्रवाह एकत्र पाहिले नाहीत, तर या भेटींचा अर्थ उलगडत नाही.

२

पहिले उदाहरण घारापुरीचेच. गुजरातचा सुलतान बहादुरशहा याने १५३४ साली वसई आणि तिच्या ताब्यातील प्रदेश पोर्तुगिजांच्या हवाली केला. घारापुरीही त्याच सुमारास त्यांच्याकडे गेली. सतराव्या शतकाच्या आरंभी लिहिणारा पोर्तुगीज बखरकार दियोगू द कोतू नमूद करतो की लेण्याच्या द्वारावर सुंदर अक्षरांत कोरलेली एक मोठी शिळा होती. येथील हिंदू वा मुसलमान यांपैकी कोणालाही तो लेख वाचता येईना, म्हणून ती काढून पोर्तुगालच्या राजाकडे पाठविण्यात आली. राजा तिसरा जुआंव यानेही ती वाचविण्याचा प्रयत्न केला. तोही निष्फळ ठरला. पुढे त्या शिळेचा मागमूस राहिला नाही.

या एका पाठवणीची किंमत आपण आजही मोजीत आहोत. घारापुरीचे मुख्य लेणे कोणी खोदविले, हा प्रश्न सुटलेला नाही. त्याचा काळ सहाव्या शतकाचा मध्य असावा, याविषयी बव्हंशी एकमत आहे. बेटावर कलचुरी राजा कृष्णराज याची नाणी मोठ्या संख्येने सापडली. त्या आधारे लेण्याचे कर्तृत्व कलचुरींकडे द्यावे, असा पक्ष बलवत्तर आहे. दुसरीकडे, दुसऱ्या पुलकेशीच्या ६३४ सालच्या ऐहोळे शिलालेखात कोकणच्या मौर्यांचा आणि पश्चिम समुद्राची लक्ष्मी म्हणून वर्णिलेल्या पुरी नगरीचा उल्लेख येतो. ही पुरी म्हणजे घारापुरीच, असे मानणारे विद्वान मौर्यांचा पक्ष मांडतात. नाणी व्यापाराने येतात, शिल्पशैलीला राज्यसीमा नसते. म्हणून या दोन्ही प्रमाणांना मर्यादा आहेत. जे प्रमाण वाद मिटवू शकले असते, ते राजाला आदराने पाठविलेल्या नजराण्यात गेले. ही शिळा द्वेषाने फोडली गेली नव्हती. कुतूहलाने आणि आदराने ती उचलली गेली. विनाश मात्र तितकाच पुरता झाला.

दुसरे उदाहरण त्या बेटाला पोर्तुगिजांकडून नाव मिळवून देणाऱ्या पाषाणी हत्तीचे. हा हत्ती बेटाच्या दक्षिणेस राजबंदराजवळ उभा होता. १८१४ साली त्याचे डोके व मान गळून पडली आणि पुढे धडही कोसळले. १८६४ साली ते अवशेष उचलून विलायतेस नेण्याचा घाट घातला गेला आणि उचलतानाच यारी तुटून त्यांचे तुकडे झाले, असे सांगितले जाते. त्याच वर्षी हे तुकडे मुंबईत भायखळ्याच्या राणीच्या बागेत आणण्यात आले आणि १९१४ साली ते पुन्हा जोडून हत्ती उभा करण्यात आला. तो आज डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. शिळा गेली, हत्ती राहिला. दोहोंच्या मूल्यात फरक होता म्हणून असे घडले नाही. हत्तीचे तुकडे एका सार्वजनिक संस्थेच्या आवारात विसावले, शिळा एका राजाच्या मर्जीवर सोपविली गेली. हाच काय तो फरक.

३

आता दुसरा काठ पाहू. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना तेथील कापूस मिळेना आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. या काळात व त्यानंतरच्या दशकांत मुंबईत दानशूरतेला भरती आली. तिचा एक भाग दवाखाने, शाळा व ग्रंथालये यांकडे वळला आणि एक भाग विलायती शिल्पकारांकडे.

बगदादेहून १८३२ च्या सुमारास मुंबईस आलेले डेव्हिड ससून हे या युगाचे प्रातिनिधिक पुरुष होत. कापूस आणि चीनशी होणारा अफूचा व्यापार यांवर त्यांच्या घराण्याची संपत्ती उभी राहिली. संग्रहालयातील प्रिन्स अल्बर्ट यांचा संगमरवरी पुतळा हे त्यांचे दान असून तो मॅथ्यू नोबल या इंग्रज शिल्पकाराने घडविला. त्यांचे पुत्र सर अल्बर्ट यांनी प्रिन्स ऑफ वेल्सच्या १८७५-७६ च्या हिंदुस्थानभेटीचे स्मारक म्हणून अश्वारूढ पुतळा जोसेफ बोएम याजकडून करवून घेतला आणि शहरास दिला. तो १८७९ साली उभारला गेला. त्याला सुमारे सव्वा लाख रुपये खर्च आला, असे नमूद आहे. याच राजपुत्राला नोव्हेंबर १८७५ मध्ये घारापुरीच्या लेण्यात मेजवानी देण्यात आली होती. ज्या लेण्याचा शिलालेख एका राजाकडे गेला होता, त्याच लेण्यात तीनशे वर्षांनी दुसऱ्या राजघराण्याच्या वारसासाठी पाने मांडली गेली, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. त्या दौऱ्यात राजपुत्रास मिळालेल्या वस्तूंची संख्या दोन हजारांवर गेली आणि त्या इंग्लंडला नेऊन प्रदर्शनांतून मांडण्यात आल्या.

बडोद्याचे महाराज खंडेराव गायकवाड यांची दोन दाने यापेक्षाही बोलकी आहेत. राणी व्हिक्टोरियाचा संगमरवरी पुतळा त्यांनी नोबलकडूनच करवून मुंबईस दिला. त्याचा खर्च १,८०,००० रुपयांच्या घरात गेला. तारघराजवळ त्याचे अनावरण १८७२ साली व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांच्या हस्ते झाले. त्यापूर्वीच, १८७० साली, दाता निवर्तला होता. दुसरे दान अपुरेच राहिले. खंडेरावांनी १८६५ च्या सुमारास मोत्यांचा एक गालिचा विणवून घेतला. मदिनेतील पैगंबरांच्या समाधीस अर्पण करण्यासाठी तो होता, अशी परंपरा आहे. त्यावर जडविलेल्या मोत्यांची संख्या पंधरा ते वीस लाख असावी, असा अंदाज केला जातो. महाराजांच्या निधनामुळे गालिचा बडोद्यातच राहिला, १९०२-०३ च्या दिल्ली दरबाराच्या प्रदर्शनात मांडला गेला आणि पुढे राजघराण्याबरोबर परदेशी गेला. २००९ साली दोहा येथील लिलावात तो सुमारे ५५ लाख डॉलरना विकला गेला आणि आज कतारच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. इराणच्या आखातातील मोती वडोदऱ्यास जाऊन पुन्हा आखाताच्या काठी परतले. केवळ ज्या समाधीसाठी ते ओवले गेले, तेथे ते पोहोचले नाहीत.

४

या दानांमागील हेतूंविषयी एकेरी विधान करणे धोक्याचे होईल. सर अल्बर्ट यांना १८७२ साली नाइट हा किताब मिळाला आणि १८९० साली ते बॅरोनेट झाले. मात्र पुतळा १८७९ चा आहे. अमुक दानाचे अमुक फळ असा हिशेब मांडण्यास या तारखा पुरत नाहीत. इतकेच म्हणता येते की परदेशातून आलेल्या व्यापारी घराण्याला आणि १८५७ नंतरच्या संस्थानिकाला, दोघांनाही राजनिष्ठा दृश्य करून दाखविण्याची गरज होती. आणि संगमरवर व ब्राँझ यांहून अधिक दृश्य असे त्या काळी काही नव्हते.

येथे एक भेद करणे आवश्यक वाटते. प्रत्येक दानाला एक नावाचा धनी असतो आणि एक खरा धनी. काळा घोडा काय किंवा राणीचा पुतळा काय, नावाचा धनी मुंबई शहर होते. खरा धनी राजसिंहासन होते. शहराच्या नावे दिलेल्या या भेटींशी शहरवासीयांचे नाते जुळावे अशी योजना त्यांत मुळातच नव्हती, म्हणून लोकांनी आपापल्या परीने ते जोडले. दामोदर चापेकर आणि त्यांचे बंधू यांनी १८९६ साली राणीच्या पुतळ्याला डांबर फासून जोड्यांची माळ घातली. संतापाचे हे नाते होते. अश्वारूढ पुतळ्याच्या बाबतीत लोकांनी स्वाराकडे दुर्लक्ष करून घोड्याचे नाव साऱ्या परिसराला दिले. विनोदाचे म्हणा, उपेक्षेचे म्हणा, हे दुसरे नाते. चौथऱ्यावर कोरलेले नाव टिकले नाही, लोकांच्या तोंडी बसलेले टिकले. १९६५ साली दोन्ही पुतळे हलवून भायखळ्यास नेण्यात आले. २०१७ साली काळा घोडा चौकात नवा काळा घोडा उभारण्यात आला. त्याच्या पाठीवर स्वार नाही. लोकांनी दीडशे वर्षांत केलेली दुरुस्ती शिल्पकाराने अखेर मान्य केली, असे म्हणावयास हरकत नाही.

याउलट टाटा बंधूंचे दान पाहावे. सर रतन टाटा १९१८ साली आणि सर दोराबजी १९३२ साली निवर्तले. दोघांनी मोठ्या खर्चाने जमविलेली युरोपीय चित्रे, चिनी व जपानी कलावस्तू आणि इतर संग्रह मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमकडे आले. त्या संस्थेचे नावही राजपुत्राचेच होते आणि १९९८ साली ते बदलून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय असे झाले. पण इमारतीची पाटी बदलली तरी दालनांतील वस्तू हलल्या नाहीत, कारण येथे नावाचा आणि खरा धनी एकच होता. वस्तू कोणाकडून आली, कोणत्या वर्षी आली, याची नोंद ठेवणे हे संस्थेचे कामच होते. दात्याची अभिरुची उद्या कोणाला मान्य नसली, तरी वस्तूचा वृत्तांत वस्तूबरोबर राहील. टाटांच्या संपत्तीचा उगम निष्कलंक होता आणि ससूनांचा नव्हता, असा निवाडा येथे अभिप्रेत नाही. दानाचे आयुष्य दात्याच्या शीलावर नव्हे, घेणाऱ्याच्या उत्तरदायित्वावर अवलंबून असते, एवढेच दाखवावयाचे आहे.

५

स्वातंत्र्योत्तर काळात हे तत्त्व कायद्यानेही स्वीकारले. १९७२ चा पुरावस्तू व कलानिधी अधिनियम १९७६ पासून अंमलात आला. खाजगी व्यक्तीला पुरावस्तू देशाबाहेर पाठविता येत नाही, मग ती विक्री असो वा भेट. राजा रविवर्मा, अमृता शेरगिल आदी नऊ कलावंतांच्या कृतींना कलानिधी म्हणून हेच संरक्षण मिळाले आहे. कोतूने वर्णिलेली शिळा आज न्हावा-शेवा बंदरातून कोणी परदेशी नेऊ पाहील, तर ती राजासाठी आहे की मित्रासाठी, हा प्रश्न सीमाशुल्क अधिकाऱ्याच्या दृष्टीने गौण ठरेल. परंतु कायदा वस्तू अडवितो, वृत्तांत जपत नाही. आजही धनाढ्य मंडळी लिलावात चित्रे घेतात आणि आप्तेष्टांना देतात. ती चित्रे एका घरातून दुसऱ्या घरात जातात आणि त्यांची नोंद एखाद्या पावतीपलीकडे उरत नाही. पुढच्या पिढीतील अभ्यासकाला ती चित्रे सापडतील, पण ती कोणी, कोणासाठी व का घेतली हे समजणार नाही. घारापुरीच्या शिळेची ही लहान आवृत्तीच होय.

या विषयावर काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने प्रथम भायखळ्यास जावे. तेथील बागेच्या व संग्रहालयाच्या परिसरात घारापुरीचा हत्ती, ससूनांचा अल्बर्ट, गायकवाडांची राणी आणि स्वारासह मूळचा काळा घोडा, अशी दोन्ही काठांची दाने थोड्या अंतरात एकत्र आली आहेत. प्रत्येकाविषयी तीन प्रश्न विचारावे : वस्तू कोणी दिली, कोणाच्या नावे दिली आणि खरोखर कोणाला दिली. पहिल्या प्रश्नाचे उत्तर चौथऱ्यावर मिळेल आणि दुसऱ्याचे दप्तरात. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधणे हेच इतिहासाचे काम आहे. त्यानंतर न्हाव्याच्या किनाऱ्यावर येऊन घारापुरीकडे पाहावे. लेण्याच्या दारावरची ती जागा अजून रिकामी आहे, आणि ती रिकामी आहे म्हणूनच भारतीय शिल्पाच्या एका थोर निर्मितीच्या कर्त्याचे नाव आपणास निश्चयाने सांगता येत नाही.