हद्दीखालचं पाणी

शाळेत नकाशा शिकवताना देशाची हद्द मी लाल खडूने ठसठशीत काढत असे. त्या रेषेखाली जमिनीत काय चालतं, हे ना मुलांनी विचारलं, ना मला सुचलं.

जिनिव्हाजवळ स्वित्झर्लंड आणि फ्रान्सच्या हद्दीखाली भूजलाचा एकच साठा आहे. १९६० नंतर उपसा इतका वाढला की वीस वर्षांत पातळी ७ मीटरहून जास्त खाली गेली. काही विहिरी सोडून द्याव्या लागल्या. एकट्याने काटकसर करून उपयोग काय, शेजाऱ्याचा पंप चालूच!

शेवटी १९७८ साली करार झाला. गंमत म्हणजे तो दोन राजधान्यांनी नव्हे, जिनिव्हा प्रांत आणि पलीकडच्या फ्रेंच जिल्ह्याने केला. दोन्हीकडचे तीन-तीन सभासद, आणि विहिरींवर मीटर! १९८० पासून आर्व नदीचं पाणी गाळून जमिनीत मुरवतात. नदी फार गढूळ झाली की थांबतात. केंद्र जिनिव्हाने बांधलं, खर्चात फ्रेंचांचाही वाटा. त्यांना वर्षाला ५० लाख घनमीटर उपसायची मुभा, त्यातले २० लाख फुकट. मला हे २० लाखच फार आवडले. हिशेब चोख ठेवूनही शेजाऱ्याच्या हक्काचं पाणी मोकळं सोडलं की!

पातळी पुन्हा वर आली. २००८ पासून नवा करार लागू झाला, तोही ३० वर्षांचा.